सोमालियाचा वारा, सह्याद्रीचा पाऊस

३० जुलै २०२५ च्या संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा नासा आणि इस्रोनं मिळून बनवलेला, रडारनं पृथ्वी न्याहाळणारा उपग्रह सुटला आणि तासाभरात माझ्या फोनवर भांडण सुरू झालं. एका बाजूचं म्हणणं होतं की रॉकेट आपलं, उपग्रहाचा सांगाडा आपला, एक रडार आपलं, मग नासाचं नाव आधी कशाला? आणि उपग्रहानं टिपलेली माहिती साऱ्या जगाला फुकट वाटण्याचा करार तरी का केला? दुसरी बाजू उलट टोकाची. सुमारे दीड अब्ज डॉलर खर्चातला मोठा वाटा अमेरिकेचा, बारा मीटर व्यासाची अँटेना त्यांची, मोठ्या तरंगलांबीचं रडार त्यांचं, आपण फक्त गाडी भाड्यानं दिली. दोन महिने आधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सहा-सहा किलोमीटरच्या चौकटींत हवामानाचा अंदाज बांधणारं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे संगणकी मॉडेल आणलं, तेव्हाही असाच वाद झाला होता. ‘आता हवामानासाठी कुणाच्या तोंडाकडे पाहायला नको’ असा एक सूर आणि ‘मूळ विद्या बाहेरचीच ना’ असा दुसरा. दोन्ही वेळा मला वाटलं, आपण चुकीच्या प्रश्नावर घसा कोरडा करतोय. कुणाचं किती, ही मोजणी लग्नाच्या आहेराची असते. इथं मोजायचंय ते काहीतरी वेगळंच आहे.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट करतो. पृथ्वीच्या आणि अवकाशाच्या अभ्यासात देशांनी एकत्र येणं ही कुणी कुणावर केलेली मेहेरबानी नसते. ते एकत्र येणं हा मोजण्याच्या साधनाचाच भाग असतो, दुर्बिणीला जशी नळी तसा. नळी काढून टाकली तर दोन्ही भिंगं कितीही स्वदेशी असोत, काही दिसत नाही. आणि याच्याच जोडीला दुसरी गोष्ट: ज्याच्या हातात स्वतःचं कौशल्य नाही, त्याला या कामात बरोबरीची जागा मिळत नाही. स्वावलंबन की सहकार्य, असा सामना लावणाऱ्यांना या दोन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंधच दिसत नाही.

मॉन्सूनचंच घ्या. त्याच्याइतकं ‘आपलं’ दुसरं काय असणार? आपल्या पेरण्या, आपले सण, आपल्या बँकांची कर्जवसुली त्याच्यावर टांगलेली. पण सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस ज्या वाऱ्यावर बसून येतो, तो निघतो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मॉरिशसच्याही पलीकडच्या समुद्रावरून. आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून तो वर चढतो, केनिया-सोमालियाजवळ वळतो आणि अरबी समुद्र ओलांडून कोकणात शिरतो. १९६६ मध्ये आपल्या हवामान खात्यातल्या जोसेफ आणि रामन यांनी दाखवलं की जुलैत भारतीय द्वीपकल्पावर जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर वेगवान पश्चिमी वाऱ्याचा एक पट्टा वाहतो. १९६९ मध्ये ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जॉन फिंडलेटर यांनी आफ्रिकेच्या बाजूनं निरीक्षणं जुळवली आणि तिथेही तसाच झोत सापडला. दोन्ही निरीक्षणं नकाशावर जोडली तेव्हा कळलं की ही एकच हवेची नदी आहे. पुण्यात बसून कितीही हुशार माणसानं, कितीही देशाभिमानानं मोजमाप केलं असतं, तरी त्याला तिचं मुख दिसलं असतं, उगम दिसला नसता.

त्याच्या आधीची कथा तर आणखी बोलकी आहे. १८७७ आणि १८९९ च्या अवर्षणांनी माणसं लाखांनी मेली. मॉन्सूनचा अंदाज आधी बांधता येईल का, हा प्रश्न घेऊन गिल्बर्ट वॉकर हा गणितज्ञ १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. उत्तर त्यानं भारतात शोधलं नाही. दक्षिण अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या ठाण्यांचे हवेच्या दाबाचे आकडे त्यानं मागवले, कारकुनांकडून महिनोन्‌महिने आकडेमोड करून घेतली, आणि त्याच्या लक्षात आलं की प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर उतरतो. तिकडे उतरला की इकडे चढतो. या झोक्याला त्यानं ‘दक्षिणी दोलन’ म्हटलं. पण असं का होतं हे त्याला सांगता आलं नाही, अंदाजही नीट जमले नाहीत, आणि त्याच्या हयातीत अनेकांनी तो नाद म्हणून सोडून दिला. उलगडा व्हायला १९५७-५८ साल यावं लागलं. ते आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. साठाहून अधिक देशांनी एकाच वेळी पृथ्वीची मोजमापं घ्यायची ठरवली, आणि योगायोगानं त्याच काळात मोठा एल निनो झाला. प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान, वारे, दाब, सगळं एकदम नोंदलं गेलं. त्या नोंदींवरून जेकब ब्येर्कनेस यांनी १९६९ पर्यंत दाखवून दिलं की पेरूजवळचं तापलेलं पाणी आणि वॉकरचा झोका ही एकाच यंत्रणेची दोन अंगं आहेत. आज जूनमध्ये नांगर धरण्याआधी गावातला शेतकरीही ‘एल निनो आहे का?’ असं विचारतो. त्या एका शब्दामागे किती देशांच्या ठाण्यांचं राबणं आहे, याचा हिशेब ‘कुणाचं किती’ या तराजूत कसा करणार?

नवं मॉडेलही याला अपवाद नाही. मॉडेल आपण विकसित केलं, संगणक आपला, याचा अभिमान मलाही आहे आणि पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी तो कमावला आहे. पण मॉडेलला सुरुवात करायला ‘आत्ता जगात हवा कशी आहे’ हे सांगावं लागतं. भारतीय वेळेनुसार पहाटेच्या आणि संध्याकाळच्या साडेपाचचं निरीक्षण म्हणून जगभर शेकडो ठाण्यांवरून उपकरणं बांधलेले फुगे सोडले जातात. समुद्रात आर्गो नावाचे चारेक हजार तरंगक दोन किलोमीटर खोल बुडी मारतात आणि दर दहा दिवसांनी वर येऊन आपलं तापमान-क्षारता सांगतात. ते तिसेक देशांनी मिळून सोडले आहेत, त्यात भारतही आहे. उद्याच्या पावसासाठी शेजारच्या प्रदेशाची माहिती कदाचित पुरेल. दहा दिवसांनंतरच्या पावसासाठी अख्ख्या गोलाची लागते. ही निसर्गाची अट आहे. कोणत्याही सरकारनं ती घातलेली नाही आणि कोणतंही सरकार ती काढू शकत नाही.

आता समोरच्या बाजूचे खरे मुद्दे. ते हलके नाहीत आणि मी ते हलके करणार नाही. पहिला मुद्दा नकाराचा. १९९२ मध्ये अमेरिकेनं इस्रोवर आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉस या अवकाश कंपनीवर निर्बंध घातले, आणि पुढच्या वर्षी रशियानं क्रायोजेनिक इंजिनाचं (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचं) तंत्रज्ञान देण्यापासून माघार घेतली. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, हवामानाच्या अंदाजासाठी आपल्याला हवा होता तो मोठा क्रे संगणक मिळाला नाही, कमी ताकदीचा मिळाला. त्या चिडीतून पुण्यात सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र उभं राहिलं आणि १९९१ मध्ये ‘परम’ हा महासंगणक झाला. ‘नाकारलं म्हणूनच आपण शिकलो’ असं म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. त्यांच्या बाजूनं मीच आणखी एक उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धात नॉर्वेला समुद्रापलीकडची हवामानाची वर्दी मिळेनाशी झाली. तेव्हा बर्गनमध्ये विल्हेल्म ब्येर्कनेस यांनी (वर आलेल्या जेकब यांचे वडील) देशातच दाट ठाणी उभी केली, आणि त्या दाट जाळ्यात त्यांना थंड आणि उष्ण हवेच्या सीमा दिसल्या. युद्धाचाच शब्द घेऊन त्यांनी त्यांना ‘फ्रंट’ म्हटलं. आधुनिक हवामानशास्त्राचा एक पाया कोंडीतून घातला गेला हे खरंच आहे.

पण कोंडीनं नेमकं काय दिलं ते बघू. तिनं कौशल्य दिलं, साधन दिलं, जिद्द दिली. जगाची माहिती तिनं दिली नाही. ती देऊच शकत नव्हती. बर्गनचे फ्रंट अटलांटिक ओलांडून कुठून कुठे जातात हे कळायला युद्ध संपून तारा पुन्हा जोडल्या जाव्या लागल्या. आणि त्याच ब्येर्कनेसांच्या मुलाला एल निनो उलगडायला साठ देशांच्या वह्या लागल्या. क्रायोजेनिकची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. जे तंत्रज्ञान आपल्याला नाकारलं, ते वीस वर्षं अपयश पचवत आपण उभं केलं, जानेवारी २०१४ मध्ये ते यशस्वीपणे उडालं. त्याच वर्षी सप्टेंबरात निसारचा करार झाला, आणि २०२५ मध्ये त्याच भारतीय क्रायोजेनिक टप्प्यावर बसून नासाचं रडार कक्षेत गेलं. स्वावलंबनानं इथं काय साधलं? दार बंद करण्याची ताकद नव्हे, तर टेबलाशी बरोबरीनं बसायची खुर्ची. ज्यांना यात फक्त ‘गाडी भाड्यानं दिली’ एवढंच दिसतं, त्यांनी ती वीस वर्षं आठवावीत. आणि ज्यांना वाटतं की आता कुणाची गरज उरली नाही, त्यांनी सांगावं की आपण मिळवलेली ही खुर्ची रिकामी का ठेवायची?

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. पाहुणे येतात, नमुने नेतात, निबंध छापतात, आणि आपल्या माणसांची नावं आभाराच्या परिच्छेदात येतात. वसाहतीच्या काळात विज्ञान असंच चालायचं, आणि आजही गरीब देशांत अनेकदा तसंच चालतं. हा राग मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावर उपाय पाहुण्यांना हाकलणं हा नाही हे आपल्याच इतिहासात दिसतं. १९६० च्या सुमारास जगातले सागरशास्त्रज्ञ म्हणायला लागले की हिंदी महासागराबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही. मग डझनभराहून अधिक देशांची चाळीसेक जहाजं इथं उतरली. भारतीय नौदलाचं ‘आयएनएस किस्तना’ही त्यात होतं. या मोहिमेत सगळ्या जहाजांनी ठरावीक पद्धतीनं गोळा केलेले प्राणिप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांचे) नमुने कुठे गेले? लंडनला नाहीत, वॉशिंग्टनला नाहीत. ते कोचीला आले. युनेस्कोच्या मदतीनं तिथं केंद्र निघालं आणि आपल्या तरुण जीवशास्त्रज्ञांनी ते निवडले, ओळखले, जतन केले. मोहीम संपता संपता १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. भारताच्या बाजूनं मोहीम सांभाळणारे डॉ. पणिक्कर तिचे पहिले संचालक. गोव्यात दोना पावलाला टेकडीवर ती संस्था दिसते तेव्हा ती एका आंतरराष्ट्रीय मोहिमेची लेक आहे हे किती जणांना ठाऊक असतं? केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्राचंही तेच. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन होतं, त्यातलं उपकरण फ्रेंच, आणि सोव्हिएत संघानंही त्या केंद्राला मदत केली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या काठावर आले होते, त्या क्युबाच्या पेचप्रसंगाला जेमतेम एक वर्ष झालं होतं! ते सगळे एका मच्छीमार गावात का आले? चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं म्हणून. जागा आपली होती, अटी घालणारे विक्रम साराभाई होते, आणि पाहुणे गेले तेव्हा मागे इस्रो उरली. तेव्हा भांडायचंच तर अटींवर भांडावं. नमुन्यांची प्रत इथं राहील का, निबंधात नाव कुणाचं, विद्यार्थी कुणाचे शिकणार, यंत्र उघडून बघायची मुभा आहे का, यावर.

‘आमच्याकडे पैसा आणि माणसं आली की सगळं आम्हीच करू’ असं म्हणणाऱ्यांना मी पुद्दुचेरीची आठवण करून देतो. सूर्य किती लांब आहे हे मोजायचं, तर शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरच्या शक्य तितक्या दूरदूरच्या ठिकाणांहून बघायला हवं, ही युक्ती अठराव्या शतकात एडमंड हॅलीनं सांगून ठेवली होती. १७६१ चं अधिक्रमण आलं तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्स सात वर्षांच्या युद्धात गुंतले होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल जांतिल पुद्दुचेरीला निघाला. तो पोचण्याआधी इंग्रजांनी ते शहर घेतलं, आणि त्याला हलत्या जहाजावरून शुक्र बघावा लागला, ज्याचा मोजमापाला काही उपयोग नव्हता. तो आठ वर्षं पूर्वेकडेच राहिला. १७६९ मध्ये अखेर पुद्दुचेरीत दुर्बीण लावून बसला आणि ऐन वेळी ढग आले. एक माणूस, एक ठिकाण हरलं; पण ताहितीपासून उत्तर युरोपपर्यंत इतरांनी बघितलं होतं, त्यात शत्रुराष्ट्रांचीही माणसं होती, आणि उत्तर निघालं. फ्रान्स कितीही श्रीमंत असता तरी फ्रान्समध्येच बसून ते निघालं नसतं, कारण तिथं मोजण्याचं साधन म्हणजे दोन निरीक्षकांमधलं अंतरच होतं. आज हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया हे गुरुत्वीय तरंग टिपणारं यंत्र उभं राहतंय, एप्रिल २०२३ मध्ये त्याला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली, त्यामागचं तर्कशास्त्र हेच आहे. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे गुरुत्वीय तरंग आले तेव्हा अमेरिकेतल्या दोन यंत्रांना इटलीतलं तिसरं जोडलेलं होतं, म्हणून आकाशात नेमकं कुठे बघायचं ते कळलं आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, आपली नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही. औंढ्याच्या यंत्राची खरी किंमत ते अमेरिकेपासून किती दूर आहे यात आहे. एकटं उभं केलं तर मराठवाड्याच्या माळावरच्या दोन लांब नळ्या, एवढंच.

तिसरा मुद्दा भरवशाचा, आणि इथं मला सर्वांत जास्त माघार घ्यावी लागते. सहकार्य तुटतं. युरोपचं मंगळावरचं ‘रोझालिंड फ्रँकलिन’ वाहन रशियन रॉकेटवरून, रशियन अवतरण यंत्रातून जाणार होतं. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तयार वाहन पृथ्वीवरच राहिलं. त्याच मार्चमध्ये उत्तर ध्रुवाभोवतीच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेचं काम थांबलं, आणि आर्क्टिकचा सुमारे अर्धा किनारा ज्या देशाचा आहे तिथली गोठलेली जमीन कशी वितळतेय हे बाहेरच्यांना कळेनासं झालं. आपल्या दारातही हे घडलं आहे. जून २००० मध्ये तिबेटात यिगॉन्ग नदीवर दरडीनं अडवलेलं पाणी एकदम फुटलं आणि अरुणाचलात पूर आला. त्यानंतर २००२ मध्ये चीनशी ब्रह्मपुत्रेच्या पातळीची माहिती देण्याचा करार झाला. २०१७ मध्ये डोकलाममध्ये सैन्यं समोरासमोर असताना त्या पावसाळ्यात ती माहिती आलीच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली. आसामच्या काठावरच्या माणसाला याहून काय वेगळं सांगायचं?

तरी या उदाहरणांत एक फरक आहे, आणि तो धोरण ठरवणाऱ्यांनी नीट बघायला हवा असं मला तळमळीनं वाटतं. काही सहकार्य बैलगाडीसारखं असतं, एक बैल बसला की गाडी थांबली. मंगळाचं वाहन तसं होतं, निसारही तसाच आहे. काही सहकार्य मासे धरायच्या जाळ्यासारखं असतं. एक टाका निघाला तर तिथून मासा सुटतो, पण जाळं टिकतं. हवामानाचे फुगे, आर्गोचे तरंगक, भूकंपमापकांची साखळी ही दुसऱ्या प्रकारची. शीतयुद्धाच्या ऐन भरातही मॉस्को आणि वॉशिंग्टन एकमेकांना हवामानाचे आकडे पाठवत राहिले. पहिल्या प्रकारात उतरताना प्रत्येक तुकड्याला पर्याय हाताशी ठेवावा, आणि क्रायोजेनिकनं दाखवलं तसा तो आपल्याला ठेवता येतो. दुसऱ्या प्रकारात मात्र जितकं विणता येईल तितकं विणावं. जाळं नसलं तर काय होतं हे २६ डिसेंबर २००४ ला आपण पाहिलं. सुमात्राजवळ समुद्राचा तळ हलला, आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट यायला दोनेक तास लागले. दोन तास! प्रशांत महासागरात १९६५ पासून देशांची सामाईक इशारा यंत्रणा होती, हिंदी महासागरात ती नव्हती. भूकंप झाल्याचं जगभरच्या यंत्रांना कळलं होतं, पण किनाऱ्यापर्यंत निरोप पोचवणारं कुणी नव्हतं. दोन लाखांहून अधिक माणसं गेली, भारतातच दहा हजारांहून जास्त. आज हैदराबादचं केंद्र, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या केंद्रांबरोबर, आपल्यासह हिंदी महासागराच्या इतर देशांनाही इशारे देतं. ते परोपकार म्हणून देतं का? इंडोनेशियाच्या किनाऱ्यावरच्या भरतीमापकाची वर्दी आली, तर आपल्यालाही लाट लवकर कळते.

‘माहिती फुकट का वाटायची’ हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी माझ्याजवळ मुंबईची एक वही आहे. सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या तारखेला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्याच्या डागांजवळ लख्ख प्रकाश फुटताना दिसला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. तारायंत्रं पेटली, आणि ठिकठिकाणची चुंबकमापकं त्यांच्या पट्टीच्या बाहेर गेली. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र माणसं डोळ्यांनी काटा बघून काही-काही मिनिटांनी आकडे लिहीत राहिली. पृथ्वीच्या चुंबकीय बलातली १६०० नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय बलाचं एकक) आसपासची घसरण त्यांनी नोंदवली. वही दीडशे वर्षं जपली गेली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळा अलिबागला हलवली, तेव्हाही जुनी आणि नवी नोंद जुळावी म्हणून १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मापं घेतली. २००३ मध्ये अमेरिकन, ब्राझिलियन आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून त्या आकड्यांवरून त्या वादळाचा जोर पुन्हा काढला. आज कुठल्याही देशात विजेचं जाळं किंवा उपग्रह सौरवादळात टिकेल का याचा हिशेब करताना मुंबईतल्या त्या अनामिक निरीक्षकांचे आकडे समोर येतात. आपण जगाला काय दिलं असं विचारणाऱ्यांनी अलिबागला जाऊन ती वेधशाळा बघून यावी.

आणि म्हणूनच आपल्याच काही सवयी मला खटकतात. चीननं ब्रह्मपुत्रेचे आकडे अडवले की आपण संतापतो, पण गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू खोऱ्यांचे आपल्याकडचे प्रवाहाचे आकडे आपल्याच विद्यापीठांतल्या संशोधकांनाही सहज मिळत नाहीत, ते गोपनीय मानले जातात. सुरक्षेची काळजी खरी असेल, तर जुन्या वर्षांचे तरी खुले करावेत. ज्या देशाच्या कुलाब्याच्या वहीनं जगाला शिकवलं, त्यानं आपल्या वह्या कुलपात का ठेवाव्यात?

निसारकडे परत येतो. त्याचं रडार ढगांमधून आणि झाडीतूनही जमीन बघतं, आणि दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येऊन ती काही सेंटिमीटर सरकली का ते सांगू शकतं. त्याचं उड्डाण ३० जुलैला झालं. त्याच्या अकरा वर्षं आधी याच तारखेला सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीची तीच गत झाली. मुसळधार पावसात अचानक सुटणारी दरड कोणताही उपग्रह आधी सांगू शकणार नाही, पण वर्षानुवर्षं हळूहळू खचणारे उतार कोणते हे ओळखायला ही माहिती कामाला येते, आणि ती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. मी फोनवरच्या त्या वादात शेवटी एवढंच विचारलं, आणि अजून उत्तराची वाट बघतोय: रायगड, सातारा, पुणे, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या आपत्ती कक्षांत ही रडारची चित्रं वाचता येणारी माणसं किती आहेत, आणि पुढच्या पावसाळ्याआधी आणखी किती तयार करणार आहोत?